तिन्ही व्हॉल्व्ह गेलेत

साताऱ्याची मावशी श्रावणातल्या एका रविवारी पहिल्या एसटीने येऊन आमच्या दारात उभी राहिली. तिच्या एका हातात चार शहाळी होती, दुसऱ्या हातात सज्जनगडाचा अंगारा होता आणि डोळ्यांत पाणी. दार मीच उघडलं. बगलेत पेपर, तोंडात भडंग. मावशीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चौकटीला हात टेकला आणि म्हणाली, “तू चालतोयस?”

“म्हणजे काय? ये ना आत.”

“बोलू नकोस. आधी बस. धाप लागेल.”

मी बसलो. मावशीसमोर उभं राहायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. तिने माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला विचारलं, “ताई, तिन्ही एकदम कसे गं गेले?”

झालं होतं ते असं. आदल्या रात्री आईने फोनवर तिला सांगितलं होतं, “अगं, त्याचे तिन्ही व्हॉल्व्ह गेलेत. इथे कुणी हात लावायला तयार नाही. अमेरिकेला पाठवायचं म्हणतोय. पाऊण लाख सांगितलेत.” यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त वाक्यात बाजा राहून गेला होता.

खुलासा झाल्यावर मावशीने शांतपणे एक शहाळं स्वतःसाठी फोडून घेतलं. मग म्हणाली, “तीन व्हॉल्व्हचे पाऊण लाख म्हणजे स्वस्तच की रे. आमच्या शेजारच्यांचा एकच होता, साडेचार लाख झाले.”

नऊ महिन्यांत माझी बाजू घेणारं हे पहिलं वाक्य. मी आशेने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “त्यांच्या व्हॉल्व्हवर शेजारचे चालतात, मावशी. ह्यांच्या व्हॉल्व्हवर काय चालणार आहे?”

काय चालणार आहे, हे मलाही माहीत नव्हतं. पण सुरुवात कशी झाली ते सांगायला हवं.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे माणूस काही घ्यायला जात नाही, ‘सहज’ जातो आणि परत येताना पिशवीत काहीतरी असतं. दिवाळीनंतरच्या रविवारी मी असाच सहज गेलो. एका ताडपत्रीवर बंद पडलेला मिक्सर, पितळी अडकित्ते, एक एकटाच रोलर स्केट आणि त्यांच्यामध्ये ती. कॉर्नेट. म्हणजे ट्रम्पेटची आखूड, गुबगुबीत बहीण. भोंग्यावर कोरीव इंग्रजी अक्षरं होती : हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन. मी शाळेच्या बँडमध्ये तीन वर्षं बिगूल वाजवलेला माणूस. पंधरा ऑगस्टला माझ्या बिगुलावर सगळी शाळा सावधान व्हायची. (मुख्याध्यापक कानांवर हात ठेवायचे, पण तेही सावधानमध्येच.) माझा हात आपोआप पुढे गेला.

विक्रेत्याने दोन हजार सांगितले. इथे माझं व्यवहारचातुर्य जागं झालं. कॉर्नेटबरोबर एक इंग्रजी यू आकाराची पितळी नळी सुतळीने बांधलेली होती. बेसिनखाली असते तशी. मी ती सोडवून ताडपत्रीवर ठेवली आणि म्हणालो, “हा भंगाराचा तुकडा तुम्हालाच ठेवा. आणि दोनशे कमी करा.” त्याने दोनशे कमी केले. अठराशे रुपयांत लंडनची कॉर्नेट. बुधवार पेठेपर्यंत मी जमिनीवरून चाललोच नाही.

घरी आईने अक्षरं वाचली. तिचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, पक्कं. “सर्कस लिहिलंय. सर्कशीतला बाजा घरात आणलास?”

“आई, ते लंडनमधल्या चौकाचं नाव आहे.”

“चौकाला कुणी सर्कस म्हणतं का?” आई म्हणाली. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस काढल्यापासून आमच्या घराण्यात सर्कस म्हणजे वाघ-सिंहच, ट्रॅफिक सिग्नल नव्हे. मी तिला समजावून सांगितलं की हॉक्स कंपनी १९३० साली बूझी कंपनीत विलीन झाली, त्यामुळे नुसतं हॉक्सचं नाव म्हणजे बाजा त्याच्या आधीचा, शंभरीला टेकलेला. “मग नव्वद-शंभर वर्षांत कुणी घासलेला दिसत नाही,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून घरी आलो तर कॉर्नेट देवघरातल्या समईशेजारी उपडी घालून वाळत होती. आईने ती चिंच, मीठ आणि बारीक राख लावून आतून-बाहेरून घासली होती. अशी लखलखत होती की तिच्यात माझा चेहरा दिसत होता, आणि तो का उतरला होता हे आईला कळत नव्हतं. “आतून पण?” मी विचारलं. “मग काय अर्धवट करू? त्या तीन दट्ट्यांच्या भोकांत बोट जात नव्हतं, म्हणून काडीला फडकं गुंडाळून राख घातली.”

त्या तीन दट्ट्यांबद्दल थोडं सांगतो, कारण यापुढचा सगळा खर्च त्यांच्यात गेला आहे. बिगुलाला किंवा आपल्या तुतारीला दट्टे नसतात. फुंकायचं, आणि नळी जे सूर देईल ते घ्यायचे. १८१८ साली प्रशियात श्टोल्ट्सेल आणि ब्लूमेल या दोन गृहस्थांनी या कारभारात झडपा घालण्याचं पेटंट घेतलं आणि १८३९ साली पॅरिसच्या पेरिने नावाच्या माणसाने त्या झडपेला आजचं रूप दिलं. मधला दट्टा दाबला की हवा एका छोट्या नळीतून वळसा घेऊन येते आणि सूर अर्ध्याने उतरतो. पहिला दाबला की पूर्ण सुराने, तिसरा दाबला की दीड सुराने. एवढ्यावर सगळी सरगम निघते. सोय मोठी आहे. पण दट्टा आणि त्याचं घर यांच्यामध्ये फट ठेवायची ती साधारण एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाच्या केसाचीही जाडी त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्या फटीत आईने राख घातली होती. तुतारीवाल्याला गेली कित्येक शतकं या खात्यावर एक पैचा खर्च आलेला नाही, हे मला नंतर रात्र रात्र आठवत असे.

राखेने दट्टे कुरकुर करू लागले म्हणून मी तेल घातलं. घरात होतं ते घातलं. खोबरेल. महिनाभर दट्टे लोण्यासारखे चालले. मग डिसेंबर आला, पुण्याचा पारा दहाच्या खाली गेला आणि एका सकाळी तिन्ही दट्टे थिजून जागच्या जागी बसले. डोक्याचं तेल मी रोज उन्हात ठेवतो, पण कॉर्नेटला गच्चीवर ऊन दाखवायचं सुचलं नव्हतं. ते सुचेपर्यंत मी पक्कड आणली होती.

खालच्या टोप्या पकडीने काढल्या. एक निघाली, एक चेपली, एक अजून तशीच आहे. दट्टे बाहेर काढून रॉकेलने धुवायचे ठरवले. पण आता रॉकेल मिळवणं हे विंटेज कॉर्नेट मिळवण्यापेक्षा अवघड. ते एका वडापाववाल्याकडून अर्धा कप मिळालं, बदल्यात सहा वडे घ्यावे लागले. धुतलेले दट्टे पुसून मी अभिमानाने परत बसवले, कॉर्नेट ओठांना लावली आणि फुंकली. काही नाही. आणखी जोरात फुंकली. कान बंद झाले, डोळ्यांपुढे काजवे आले, कॉर्नेटमधून साधा उसासासुद्धा नाही. भिंतीत फुंकल्यासारखं. संध्याकाळी डॉक्टरांनी बीपी पाहिलं, दीडशेच्या वर. “काही टेन्शन?” “हवा जात नाही,” मी म्हणालो. त्यांनी गॅसची गोळी लिहून दिली.

नंतर कळलं की प्रत्येक दट्ट्यावर आकडा कोरलेला असतो, एक, दोन, तीन, आणि प्रत्येकाने आपापल्याच घरात राहायचं असतं. मी एकाला तीनच्या घरात घातलं होतं. भोकासमोर भोक यायच्या ऐवजी पत्रा येत होता.

खालच्या मजल्यावरचे काका भोसरी एमआयडीसीतल्या कंपनीतून पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जिन्यात बंद पडलेली लिफ्ट, सोसायटीचा पंप, कुणाचा गाठी झालेला शिरा, कशावरही त्यांच्याकडे तांत्रिक मत असतं. त्यांनी दट्टा भिंगाखाली धरला. “पिस्टन झिजलाय. रिबोअरिंग. चला, आपला मिस्त्री आहे.”

मिस्त्री स्कूटर गॅरेजवाला निघाला. त्याने कॉर्नेट उलटसुलट फिरवली, भोंग्यात डोकावून पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, “किती सीसीची?” काका म्हणाले, “तीन पिस्टन आहेत.” मिस्त्रीच्या चेहऱ्यावर आदर पसरला. तीन सिलिंडरची गाडी त्याच्या गॅरेजमध्ये कधी आली नव्हती. “सायलेन्सर मात्र एकच दिसतोय,” तो म्हणाला.

मग मी वाद्यांच्या मिस्त्रीकडे गेलो. पुण्यातल्या बँडवाल्यांचे बाजे ठाकठीक करणारा हा माणूस, आणि याचं कॅलेंडर आपल्या कॅलेंडरपेक्षा वेगळं. माघात गेलो, म्हणाला लग्नसराई आहे, आषाढात या. आषाढात गेलो, म्हणाला, “साहेब, आता गणपतीची तयारी. प्रभात, दरबार, सगळे बँड विसर्जनाला उतरणार. तुमचा बाजा वाजणार आहे का मिरवणुकीत?” मी नाही म्हणालो. “मग त्याला काय घाई?” गणपतीनंतर नवरात्र, नवरात्रानंतर दिवाळी, आणि तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा लग्नसराई. मला कळेना की पुण्यातल्या बाजांना बिघडायला वेळ तरी कधी मिळतो.

निघताना त्याला दया आली. “धोबीतलावला एक गोवेकर बाबा आहेत. त्यांच्याकडून तपासून आणा. त्यांनी हो म्हटलं तर मी हात लावीन.”

सकाळच्या गाडीने मी मुंबईला गेलो. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या चाळीत, ऐंशीच्या पुढचे ते बाबा गंजीफ्रॉकवर बसले होते. भिंतीवर येशू, त्याच्या खाली ट्रम्पेट. तरुणपणी स्टुडिओत वाजवलेलं. ‘अलबेला’च्या (१९५१) काळच्या गप्पा निघाल्या. सी. रामचंद्रांबरोबर काम करणारा हळदोण्याचा चिक चॉकलेट कसा फुंकायचा, हे त्यांनी नुसत्या गालांनी दाखवलं. मग कॉर्नेट हातात घेतली, एका दट्ट्याची नळी दट्टा न दाबता झटक्याने बाहेर ओढली आणि कान लावला.

“ऐकलंस?”

“काही ऐकू आलं नाही.”

“तेंच. बूच काढल्यासारखा आवाज येवंक जाय. पॉप्प! हांगा हवा लीक.” दुसरी ओढली. पॉप्प नाही. तिसरी ओढली. तिथे तर नळीच जोडापासून हातात आली. “पुता, ही कॉर्नेट न्हय, ही चाळण. झडपा तिन्ही गेल्या. आणि हो मदलो दट्टो हिचो न्हयच, खंयच्या तरी दुसऱ्या बाजाचो.” मग त्यांनी माझ्या पिशवीत हात घातला, चाचपडलं आणि विचारलं, “आनी हिची दुसरी स्लाइड खंय?”

“दुसरी? ही काय, आहे की.” मी पुढची वाकडी नळी दाखवली.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना विसर पडतो, मी मनात म्हटलं, आणि त्यांना थांबवून विचारलं, “बाबा, खर्च किती येईल?” माझं सगळं लक्ष त्या आकड्याकडे लागलं होतं. आकडा त्यांनी सांगितला नाही. फक्त म्हणाले, “कॉर्नेट फुकट मेळ्ळी म्हणून समज. पैसे पडतात ते झडपांचे.”

न्यू जर्सीला माझा भाचा आहे. त्याने तिकडच्या एका दुकानात विचारलं. तीन झडपांचे नऊशे डॉलर, जाण्या-येण्याचं टपाल वेगळं, वेळ पाच महिने. मी म्हणालो, “अरे, नीट सांग त्यांना, घासून-पुसून द्यायचंय फक्त.” भाच्याने त्यांचं उत्तर वाचून दाखवलं. आधी दट्ट्यांची घरं आतून घासून गोल करायची, कारण झिजून ती लंबगोल झालेली असतात. घर मोठं झालं म्हणजे दट्टा बारीक पडला. मग दट्ट्यावर निकेलचा थर चढवायचा, जरुरीपेक्षा जास्त. मग तो तासून मापावर आणायचा. मग बारीक पेस्ट लावून हाताने घासत घासत घरात बसवायचा. तेही प्रत्येक दट्टा त्याच्या त्याच्या घरात. “मामा, ते म्हणतायत की हे काम दाताच्या कवळीसारखं असतं, एकाची दुसऱ्याला चालत नाही.”

पाऊण लाखाचा हा आकडा आईने मावशीला सांगितला आणि पुढचं शहाळ्यांपर्यंत आपण पाहिलं.

मधल्या काळात मेरठला फोन करून झाला होता. मेरठची जली कोठी म्हणजे बँडच्या वाद्यांची पंढरी, देशभरातल्या वरातींचे बाजे तिथल्या गल्ल्यांतून येतात. मी माझ्या खास पुणेरी हिंदीत सांगितलं, “भाईसाब, हमारा कॉर्नेट का दट्टा झीज गया है.”

“क्या गया है?”

“झीज. झीज गया. मतलब बारीक हो गया.”

“अच्छा, घिस गया. तो जनाब, नया ले लीजिए. छह हज़ार में तीनों पिस्टन के साथ पूरा बाजा देंगे, केस फ्री.”

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. सहा हजारांत नवा कोरा, वाजणारा बाजा. पण तोपर्यंत माझ्या कॉर्नेटवर मूळ किंमत, पक्कड, तेल, सहा वडे, मुंबईचं तिकीट आणि टॅक्सी मिळून तीन हजार पाचशे नव्वद लागले होते. नवा घेतला तर हे पाण्यात जाणार. पाण्यात जाऊ द्यायचे नसतील तर आणखी घालावे लागणार. जे पैसे गेले ते वाचवण्यासाठी जे पैसे घालायचे, त्यांना आमच्या घरात ‘आता एवढं केलंच आहे तर’ असं म्हणतात. आजोबांनी याच तत्त्वावर कोर्टात बांधाचा दावा एकोणीस वर्षं चालवला होता. बांध दीड फूट होता.

बायकोने दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर ‘व्हॉल्व्हखाते’ उघडलं.

पुन्हा काकाच धावून आले. “कशाला अमेरिका? भोसरीत हायड्रॉलिकवाले काय करतात? हेच. घर होन करायचं, आत जाणाऱ्या दांडीला प्लेटिंग.” आम्ही दोघं रिक्षाने भोसरीला गेलो. शेडमध्ये टाक्या उकळत होत्या. मालकांनी नम्रपणे विचारलं, “किती नग?”

“तीन,” मी म्हणालो.

“तीन हजार? लॉट कसा पाठवणार?”

“तीन हजार नाही. तीन.”

शेडमध्ये शांतता पसरली. एका पोराने कंप्रेसरसुद्धा बंद केला. मालक म्हणाले, “साहेब, आमच्या टाकीत एका वेळी चारशे नग जातात. कमीत कमी पन्नासाचं बिल लागतं.” क्षणभर मला वाटलं, जुन्या बाजारातून आणखी सोळा कॉर्नेटी घ्याव्यात. शेवटी काकांचा जुना ओळखीचा सुपरवायझर निघाला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी स्पूलच्या लॉटमध्ये माझे तीन दट्टे गुपचूप सोडायचं ठरलं. अट एकच : ड्रॉइंग हवं. ड्रॉइंगशिवाय भोसरीत कुणी खिळासुद्धा हातात घेत नाही.

ते ऐकून काकांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला. चार रात्री त्यांच्या खोलीत दिवा जळत होता. पाचव्या दिवशी एक ड्रॉइंग तयार झालं : दट्ट्याची तीन बाजूंनी चित्रं, प्रत्येक भोकाचं माप, मायक्रॉनमध्ये टॉलरन्स, कोपऱ्यात टायटल ब्लॉक. ‘ड्रॉन बाय’मध्ये काकांची सही, ‘चेक्ड बाय’मध्ये काकांची सही, ‘अप्रूव्हड बाय’मध्येही काकांचीच, पण वेगळ्या पेनाने. काकू मला जिन्यात म्हणाल्या, “तुमचं आणखी काही बिघडलेलं असेल तर सांगा हो. चार दिवस घर कसं शांत होतं.”

मधला परका दट्टा? तो लग्नात बदलून आलेल्या चपलेसारखा होता, पायात जात होता, पण आपला नव्हता. त्यालाही थर चढवून घरचा करून घ्यायचं ठरलं. दट्टे परत आले तेव्हा चंदेरी झळकत होते आणि एकही आपल्या घरात शिरत नव्हता. थर जाडच चढवायचा असतो, हे मला ठाऊक होतं. मालकांनी आठ हजार म्हणून साडेसात घेतले. वाद्यमिस्त्रीचं गणपतीचं काम आटोपलं होतं, दसरा उलटून गेला होता, दिवाळी अंगावर होती. त्याने एक दट्टा पेस्ट लावून घरात फिरवला, बाहेर काढला, पुसला, दिव्यासमोर धरला, पुन्हा फिरवला. मी समोर स्टुलावर.

“किती वेळ लागेल?”

“बसेपर्यंत.”

“म्हणजे अंदाजे?”

“साहेब, एक थाऊ कमी घासला तर अडकेल. एक थाऊ जास्त घासला तर गळेल. मग पुन्हा भोसरी.” भोसरी हा शब्द ऐकून मी गप्प झालो. पाच आठवडे मी दर शनिवारी त्या स्टुलावर बसलो. वरातीचे बाजे येत होते, जात होते, माझा दट्टा फिरत होता. एकदा एका पोऱ्याने विचारलं, “काका, तुम्ही कुठल्या बँडमध्ये?” मला इतकं बरं वाटलं की मी चहा सांगितला. तोही बायकोने व्हॉल्व्हखात्यात टाकला.

शेवटच्या शनिवारी मिस्त्रीने नळी ओढली. पॉप्प! बाटलीचं बूच उडाल्यासारखा तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरी, पॉप्प. तिसरी, पॉप्प. नवे फेल्ट, नव्या स्प्रिंगा, डाखलेली नळी, पोचे काढलेला भोंगा. जमा-खर्च असा : मूळ किंमत १,८००, पक्कड वगैरे ६४०, मुंबई १,१५०, स्प्रिंगा-फेल्ट १,४००, भोसरी ७,५००, मिस्त्री ६,०००. एकूण १८,४९०. याखाली बायकोने आणखी एक ओळ लिहिली होती : ‘मावशींना साडी, १,२००’. ते कुठल्या खात्यात बसतं यावर आमचा वाद झाला. बसलं ते व्हॉल्व्हखात्यातच.

आता वाजवणं. महिनाभर रियाज केल्यावर मला तीन सूर बऱ्यापैकी आणि चौथा नशिबाने येऊ लागला. सोसायटीचं भजनी मंडळ दर गुरुवारी बसतं. पेटीवाले काका (हे वेगळे काका, पहिल्या मजल्यावरचे) म्हणाले, “या की घेऊन. पट्टी कुठली?” मी आधीच अभ्यास केला होता. “काळी पाच,” मी ऐटीत सांगितलं.

त्यांनी काळी पाच धरली. मी फुंकलं. टाळवाल्यांचे टाळ थांबले. पेटीवाल्यांनी मान तिरकी केली आणि पांढरी सात धरली. मी फुंकलं. आता मृदंगवाल्यानेही मान तिरकी केली. पुन्हा काळी पाच : माझा सूर वर. पुन्हा पांढरी सात : माझा सूर खाली. पेटीवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

“तुमची पट्टी या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत आहे,” ते म्हणाले. “तिथे माझ्या पेटीत फक्त झुरळ आहे.”

रात्री दोन वाजेपर्यंत मी वाचत बसलो. पूर्वी इंग्रजांचे बँड आजच्यापेक्षा उंच सुरात वाजत. आजचा ‘ए’ सेकंदाला ४४० कंपनांचा, यांचा ४५२ च्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने चढा. १९३९ साली सगळ्यांनी ४४० ला मान्यता दिली ती लंडनमध्येच बसून. तरी तिथल्या ब्रास बँडवाल्यांनी आपली पट्टी सोडली नाही ती थेट १९६० च्या दशकापर्यंत. भारत सोडायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ त्यांना पाव सूर सोडायला लागला. सगळे बाजे बदलणं परवडत नव्हतं, हे त्याचं कारण. मला ते अगदी आतून पटलं.

मग पुढचा परिच्छेद वाचला. त्या काळात कॉर्नेटबरोबर दोन स्लाइडी देत. आखूड स्लाइड उंच पट्टीसाठी. आणि खालच्या पट्टीत वाजवायचं झालं तर बदलून लावायला दुसरी, लांब, इंग्रजी यू आकाराची पितळी नळी.

बेसिनखाली असते तशी.

रविवारी सकाळी सात वाजता, ताडपत्र्या अजून अंथरल्या जात होत्या तेव्हा मी जुन्या बाजारात पोचलो. बरोबर बायको होती. मी एकटा गेलो तर काय घेऊन येईन याचा तिला भरवसा नव्हता. विक्रेता तोच, जागा तीच, रोलर स्केटही तोच. मला पाहताच त्याने ओळखलं.

“साहेब, बाजा वाजतोय का?”

“वाजतोय,” मी म्हणालो. “ती वाकडी नळी आहे का हो? सुतळीने बांधलेली?”

त्याने मिक्सरच्या खाली हात घातला आणि ती काढली. सुतळी अजून तशीच होती. “ठेवून दिली होती. म्हटलं, पितळ आहे, कुणीतरी शोधत येईल.”

“किती?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. “अडीच हजार.”

बायकोने पर्स उघडायला घेतली. मी तिचा हात धरला, घसा खाकरला आणि म्हणालो, “सुतळी तुम्हालाच ठेवा. आणि दोनशे कमी करा.”